कॅस नंबर नाही म्हणून नियम नाही, असं नसतं

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमधून प्रश्न आलाय, थोडक्यात असा. आमच्या आर अँड डीने एक नवीन इंटरमिजिएट (दुसरा पदार्थ बनवायला लागणारा मधला पदार्थ) बनवलंय, जर्मनीच्या कस्टमरला आत्ता २५ किलो सॅम्पल हवंय आणि जमलं तर पुढच्या वर्षी ३ टन. त्यासाठी एक रॉ मटेरियल पहिल्यांदाच चायनाहून आणायचंय, सप्लायर म्हणतो नॉन हॅझार्डस आहे. आणि साहेब म्हणतात की आपला मॉलिक्यूल नवीन आहे, त्याला कॅस नंबर नाही, कुठल्या लिस्टमध्ये नाही, मग नियम लागू कुठून होणार? तर नक्की करायचं काय आणि विचारायचं कोणाला.

साहेबांचं हे वाक्य मी आधी प्लँटवर असताना आणि नंतर ईएचएस (पर्यावरण, आरोग्य, सुरक्षा) आणि रेग्युलेटरीत आल्यावर इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येत नाही. कॅस नंबर म्हणजे लायसन्स नाही हो, अमेरिकन केमिकल सोसायटीचा एक विभाग पदार्थांची नोंद ठेवतो, त्या वहीतला तो अनुक्रमांक. नंबर नाही म्हणजे एवढंच की त्या वहीत कोणी अजून लिहिलेलं नाही. पदार्थ पेटायचा तेव्हा पेटतोच, वही बघून पेटत नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेत. एक, ही वस्तू तुमच्या प्लँटमधल्या माणसाच्या हाताखाली येणार त्याचं काय. दोन, चायनाचा माल भारतात येताना काय. तीन, तुमचा माल युरोपात जाताना काय. प्रत्येक ठिकाणी ‘नवीन’चा अर्थ वेगळा आहे, आणि बऱ्याच गोष्टी तुमचं स्ट्रक्चर काय, सॉल्व्हंटमध्ये पाठवणार की कोरडी पावडर, कस्टमर त्याचं पुढे काय करणार यावर अवलंबून आहेत, ते तुम्ही लिहिलेलं नाही (आणि उघड लिहूही नका). त्यामुळे जिथे जिथे फाटा फुटतो तिथे सांगत जातो.

भारतात युरोपच्या रीच कायद्यासारखा, म्हणजे नवीन पदार्थ बाजारात आणायच्या आधी नोंदवाच असा कायदा अजून नाही, २०२० पासून मसुदे फिरतायत. इथेच लोकांची गल्लत होते, नोंदणी नाही म्हणजे काहीच नाही असं धरून चालतात. पण १९८९ चे हॅझार्डस केमिकल्सचे नियम आहेत, ज्याला आपण एमएसआयएचसी म्हणतो, त्याच्या पहिल्या शेड्यूलचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागात ६८४ नावांची यादी, ती सगळ्यांना माहीत असते कारण ती शोधायला सोपी. पहिल्या भागात नावं नाहीत, निकष आहेत, म्हणजे विषारीपणा किती, फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेटू शकते तो) किती, स्फोटक आहे का. त्या निकषात बसलं की झालं हॅझार्डस, यादीत नाव असो नसो. आणि बसतं की नाही हे ठरवायची जबाबदारी कोणाची? तुमचीच, ऑक्युपायरची, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे त्याची. सरकारी माणूस येऊन तुमच्या नवीन पावडरचा फ्लॅश पॉइंट काढून देणार नाही.

आता प्लँटपासून सुरू करतो, कारण एक्स्पोर्टच्या गडबडीत हेच सगळ्यात मागे राहतं. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये जे घातलं गेलं त्यात ४१ब आहे, कामगाराला आणि आजूबाजूच्यांना धोक्याची माहिती देणं बंधनकारक, कामगार सुरक्षेच्या नवीन ओएसएच कोडमध्येही ती जबाबदारी कायम आहे. पण माहितीच नसेल तर देणार काय? माझा नियम साधा आहे, डेटा नसेल तर पदार्थ घातक धरायचा आणि डेटा आला की सूट द्यायची, उलट कधीच नाही. अंदाज अगदी हवेतला नसतो, स्ट्रक्चर बघून बरंच कळतं. अ‍ॅरोमॅटिक अमाइन, एपॉक्साइड, आयसोसायनेट, अ‍ॅसिड क्लोराइड, अ‍ॅक्रिलेट, नायट्रो, अझाइड यातला एखादा गट दिसला की तुमच्या आर अँड डीच्या केमिस्टलाच विचारा, तो दोन मिनिटांत सांगेल की याचे भाऊबंद काय करतात.

एक उदाहरण देतो. एका ठिकाणी नवीन इंटरमिजिएटच्या पहिल्या तीन बॅच मजेत झाल्या, चौथ्या बॅचला सेंट्रीफ्यूज रिकामं करणाऱ्या दोन पोरांच्या मनगटाला खाज सुटली. दोघांनाही नेमकं हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते त्या दोन बोटांच्या पट्टीत लाल चट्टे. सुपरवायझर म्हणाला उन्हाळा आहे, घामोळं असेल. मी जाऊन बघितलं तर मोजे सुती, आतून ओले झालेले, आणि पोरं ओला केक हाताने खरवडत होती कारण प्लॅस्टिकचं खोरं तुटलं होतं. पदार्थ स्किन सेन्सिटायझर, म्हणजे त्वचेला अ‍ॅलर्जी लावणारा निघाला. सेन्सिटायझरचं वाईट हे की एकदा शरीराने ओळख धरली की पुढे चिमूटभरही पुरतं, त्यातल्या एकाला कायमचं दुसऱ्या प्लँटला हलवावं लागलं. पहिल्या तीन बॅचला काही झालं नाही याचा अर्थ सुरक्षित असा नव्हता, शरीर तेव्हा ओळख करून घेत होतं. त्यामुळे नवीन पदार्थ म्हटला की मोजा कुठल्या मटेरियलचा हे सॉल्व्हंट बघून ठरवा, लांब मनगटाचा घ्या, आणि ड्रमवरचं लेबल मराठी आणि हिंदी दोन्हीत मोठ्या अक्षरात लावा, कारण ड्रम उघडणारा हेल्पर एसडीएसची (सेफ्टी डेटा शीट, पदार्थाच्या धोक्यांचा कागद) सोळा सेक्शन वाचत नाही, तो झाकण बघतो. पहिल्या बॅचच्या आधी त्या शिफ्टच्या माणसांची मेडिकल करून ठेवा, नंतर काही निघालं तर तुलना करायला काहीतरी हवं ना.

दुसरी गोष्ट डीएससी, ही उष्णता मोजायची एक टेस्ट. ग्रॅमभर सुद्धा लागत नाही, काही मिलिग्रॅम पदार्थ तापवून बघायचा की कुठल्या तापमानाला तो स्वतःच उष्णता सोडायला लागतो. ड्रायर लावायच्या आधी, डिस्टिलेशनच्या आधी हे हवंच. बरेच जण शंभर डिग्रीचा नियम सांगतात, म्हणजे डीएससीत ऑनसेट (उष्णता सुटायची सुरुवात) जिथे दिसतो त्याच्या शंभर डिग्री खाली राहिलं की निर्धास्त. ढोबळ अंदाज म्हणून ठीक, पण पदार्थ ड्रायरमध्ये बारा तास पडून राहणार असेल, किंवा त्यात लोखंडाचा गंज मिसळत असेल, तर मी त्या शंभरावर झोपणार नाही, पुढची टेस्ट करून घेईन. डोंबिवलीचे २०१६ आणि २०२४ चे केमिकल कारखान्यातले दोन्ही स्फोट तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर झालेत, त्यामुळे साहेबांना हे पटवायला फार कष्ट पडू नयेत.

आणि एक कडू गोष्ट, जी तुम्ही विचारलेलीच नाही. तुमच्या कन्सेंटमध्ये हे प्रॉडक्ट आहे का? प्रदूषण मंडळाच्या कन्सेंट टू ऑपरेटमध्ये प्रॉडक्टची नावं आणि महिन्याची क्वांटिटी लिहिलेली असते. लॅबमध्ये फ्लास्कात करणं वेगळं, पण ३ टन म्हणजे प्लँटच्या रिअ‍ॅक्टरमध्ये प्रॉडक्शन, आणि ते कन्सेंटमध्ये नसलेलं प्रॉडक्ट असेल तर बाकीची सगळी कागदपत्रं सोन्याची असून उपयोग नाही. नुसतं प्रॉडक्ट मिक्स बदलतोय आणि प्रदूषणाचा भार वाढत नाही असं दाखवता येत असेल तर रस्ता त्यातल्या त्यात सोपा, नाहीतर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांच्या) नोटिफिकेशनखाली पर्यावरण मंजुरीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. यात महिने जातात, त्यामुळे हे काम कस्टमरच्या ऑर्डरची वाट न बघता आजच सुरू करा. मी दोन ठिकाणी बघितलंय की युरोपचं सगळं झालं आणि गाडी इथे अडली.

आता चायनाचा माल. सप्लायर नॉन हॅझार्डस म्हणतो हे मी धरतच नाही, एसडीएसचं सेक्शन नऊ आणि चौदा बघतो. नऊमध्ये फ्लॅश पॉइंट, उकळणबिंदू वगैरे असतं आणि चौदामध्ये ट्रान्सपोर्टचा वर्ग. नऊमध्ये सगळीकडे ‘नो डेटा अव्हेलेबल’ आणि चौदामध्ये मात्र ठासून ‘नॉट रेग्युलेटेड’ असेल तर ओळखा की टेस्ट केलेली नाही, नुसतं लिहिलंय. टेस्टच नाही तर रेग्युलेटेड नाही हे कळलं कसं?

आमच्याकडे असाच एक द्रव यायचा होता. एसडीएस अगदी गुळगुळीत, सोळाच्या सोळा सेक्शन, कुठेही लाल चौकट नाही. प्री शिपमेंट सॅम्पलची अर्धा लिटरची बाटली क्यूसीत उघडली आणि अख्ख्या टेबलावर थिनरचा वास. फ्लॅश पॉइंट मोजायच्या क्लोज्ड कपमध्ये घातला, आला ३१ डिग्री. म्हणजे ट्रान्सपोर्टच्या भाषेत यूएन १९९३, क्लास ३, पॅकिंग ग्रुप (धोक्याची पायरी) तीन, सरळ सरळ फ्लेमेबल लिक्विड, आणि कंटेनर बुक झालेला जनरल कार्गो म्हणून. थांबवला. सप्लायर चिडला, फ्रेट वाढलं, माल तीन आठवडे उशिरा आला आणि आमचे साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पण तो कंटेनर तसाच निघाला असता तर जहाजावर तो कुठल्या गरम जागी ठेवला गेला असता कोणाला माहीत, आणि चुकीच्या डिक्लेरेशनचा कागद आमच्या नावाचा असता. त्यामुळे सॅम्पल आधी मागवा, फ्लॅश पॉइंट स्वतः काढा, हजार दोन हजाराचं काम आहे.

माल खरोखर हॅझार्डस निघाला तर १९८९ च्या त्याच नियमांत इम्पोर्टचं वेगळं कलम आहे, नियम १८. माल यायच्या ३० दिवस आधी, नाहीच जमलं तर जमेल तितक्या लवकर पण माल येण्याच्या तारखेच्या पुढे नाही, संबंधित अधिकाऱ्याला कळवायचं की घेणारा कोण, कुठल्या बंदरात, कुठल्या मार्गाने, किती, आणि सोबत सुरक्षेची पूर्ण माहिती. आयात केलेल्या मालाचं रजिस्टरही ठेवायचं. हे कलम अनेक सीएचएंना, म्हणजे कस्टम्स एजंटांना माहीत नसतं, ते म्हणतात असं कोणी मागत नाही. मागत नाही तोपर्यंतच मागत नाही. शिवाय न्हावा शेव्यापासून अंबरनाथपर्यंतचा रस्ता आहे, तिथे मोटार वाहन नियमांप्रमाणे टँकर किंवा ट्रकवर धोक्याचं पॅनेल, ड्रायव्हरकडे ट्रेम कार्ड (अपघात झाला तर काय करायचं ते सांगणारं) आणि ड्रायव्हरचं ट्रेनिंग लागतं. हायड्रोकार्बन सॉल्व्हंट असेल तर पेट्रोलियम नियमही लागतात, ते नागपूरच्या पेसोकडे (स्फोटकं आणि पेट्रोलियमची केंद्रीय सुरक्षा संस्था), आणि फ्लॅश पॉइंट २३ डिग्रीच्या खाली क्लास ए, २३ ते ६५ क्लास बी असे त्यांचे वर्ग आहेत, किती साठा बिनपरवाना चालतो ते वर्गावर ठरतं.

एचएस कोडवर (कस्टम्समधला मालाचा नंबर) पण एकदा नजर टाका. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) पॉलिसीत तो कोड फ्री आहे का, आणि बीआयएसचा क्वालिटी कंट्रोल ऑर्डर त्याला लागतो का. या ऑर्डर येतात, पुढे ढकलल्या जातात, मागेही घेतल्या जातात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या माहितीवर पैसे पाठवू नका.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर, पदार्थ कोणता हे एनएमआर, आयआर, प्युरिटीसकट पक्कं करा, स्ट्रक्चर बघून धोका वरचा धरा, डीएससी आणि फ्लॅश पॉइंट करा, त्यावरून स्वतःचा एसडीएस बनवा, आणि कन्सेंटची फाइल हलवा. यानंतर युरोप.

२५ किलोला रीचची नोंदणी लागत नाही, कारण ती वर्षाला १ टनापासून सुरू होते. पण म्हणून काहीच नाही असंही नाही, एसडीएस रीचप्रमाणे आणि लेबल युरोपच्या सीएलपी (वर्गीकरण, लेबल आणि पॅकिंगच्या) नियमांप्रमाणे लागतं, जर्मनीत जाणार तर जर्मन भाषेत, आणि पदार्थ धोकादायक ठरला तर तिकडच्या इम्पोर्टरला बाजारात आणल्यापासून एका महिन्यात हेलसिंकीच्या ‘एका’ला (ECHA, युरोपची केमिकल एजन्सी) वर्गीकरण कळवावं लागतं, तिथे टनाची अट नाही. खरी अडचण मात्र सॅम्पल पाठवण्याची असते. वर्ग अजून पूर्ण ठरला नसेल तर ट्रान्सपोर्टच्या नियमांत टेस्टसाठी नेल्या जाणाऱ्या सॅम्पलची सोय आहे, तात्पुरता वर्ग द्या आणि त्या नावातला सर्वांत कडक पॅकिंग ग्रुप घ्या, पण तेव्हा एका पॅकेजमध्ये २.५ किलोच्या वर जाता येत नाही. म्हणजे तुमचे २५ किलो एका ड्रममध्ये त्या वाटेने जाणार नाहीत. टेस्ट करून वर्ग पक्का करणंच स्वस्त पडतं. आणि कुरियरवाला म्हणेल नॉन हॅझचं लेटर द्या साहेब, उद्या उचलतो. देऊ नका. ते लेटर तुमच्या लेटरहेडवर असतं, त्याच्या नाही.

३ टनाला नोंदणी लागणारच. इथे फाटा आहे. भारतातली कंपनी रीचखाली स्वतः नोंदणी करू शकत नाही, एक तर तुमचा जर्मन कस्टमर इम्पोर्टर म्हणून करतो, नाहीतर तुम्ही युरोपात ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह नेमता, लोक ओआर म्हणतात. कस्टमरने केली तर तुमचा खर्च वाचतो पण उद्या इटलीच्या कस्टमरला विकायचं म्हटलं तर तो पुन्हा शून्यापासून. ओआर नेमला तर फाइल तुमच्या बाजूची, कितीही कस्टमर जोडा. मी ओआरच्या बाजूचा आहे, पण एकच कस्टमर आणि तोही टिकेल की नाही माहीत नाही अशा वेळी पहिल्या वर्षी कस्टमरला करू देण्यात कमीपणा नाही. एक सांगतो, ओआर नेमायचा अधिकार बनवणाऱ्याला किंवा फॉर्म्युलेटरला असतो, नुसत्या ट्रेडरला नाही. तुम्ही मुंबईच्या मर्चंट एक्स्पोर्टरच्या नावाने माल पाठवत असाल तर ओआर तुम्ही नेमायचा, त्याने नाही, आणि इन्व्हॉइसच्या साखळीत हे नीट दिसलं पाहिजे.

तुम्ही इंटरमिजिएट म्हणताय ते फार कामाचं आहे. कस्टमर त्याचा दुसरा पदार्थ बनवण्यातच पूर्ण वापर करणार असेल आणि बंद सिस्टिममध्ये, म्हणजे काटेकोर नियंत्रणाखाली हाताळणार असेल, तर ट्रान्सपोर्टेड आयसोलेटेड इंटरमिजिएट म्हणून नोंदणी होते आणि डेटा खूपच कमी लागतो, जवळ असलेलाच डेटा पुरतो. पण कस्टमरचं लेखी कन्फर्मेशन हवं. तोंडी ‘येस येस’ वर जाऊ नका, मी एकदा गेलोय, नंतर कळलं की त्यांच्याकडे माणूस बादलीने चार्जिंग करतो. मग सगळी फाइल पूर्ण डेटाची करावी लागली.

टन मोजताना एक गंमत आहे. टॉल्यूइनमध्ये ४० टक्के द्रावण म्हणून ३ टन पाठवलंत तर तुमचा पदार्थ १.२ टन धरला जातो, पण उरलेलं १.८ टन टॉल्यूइन हवेत जात नाही, त्याचीही नोंदणी कोणाकडून झालीय ते बघावं लागतं. कोरडं पाठवता येत असेल तर हा ताप वाचतो, पण मग धुळीचा स्फोट आणि स्टॅटिकचा विचार आला.

टेस्ट करायच्या आधी त्याच ‘एका’ एजन्सीकडे इन्क्वायरी करावी लागते, त्याच पदार्थाची कोणी आधी नोंदणी केलीय का. केली असेल तर डेटा वाटून घ्यायचा, प्राण्यांवरची टेस्ट पुन्हा करता येत नाही. आपल्याकडची लॅब स्वस्तात उंदरावरची टेस्ट करून द्यायला लगेच तयार असते, थांबा, तिकडे आधी प्राण्यांशिवायच्या टेस्टचा मार्ग बघावा लागतो आणि उगाच केलेली टेस्ट अडचणीची ठरते. टॉक्स आणि इकोटॉक्स (माणसावरच्या आणि पर्यावरणावरच्या विषारीपणाच्या टेस्ट) जीएलपी लॅबमध्येच करा, म्हणजे गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस पाळणाऱ्या, भारतातल्या जीएलपी लॅबचा डेटा तिकडे चालतो, २०११ पासून आपण ओईसीडीच्या त्या व्यवस्थेत पूर्ण सभासद आहोत, त्यामुळे जर्मनीतच करा असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका.

सेल्सवाले लगेच अमेरिका म्हणतील म्हणून एवढंच, तिथे १ टनाची माफी नाही, टॉस्काच्या (तिथला केमिकल्सचा कायदा) इन्व्हेंटरीत पदार्थ नसेल तर आर अँड डीचा अपवाद सोडून, ९० दिवस आधी प्रीमॅन्युफॅक्चर नोटीस, किंवा वर्षाला १० हजार किलोच्या आत असेल तर लो व्हॉल्यूमची सवलत जिचा रिव्ह्यू ३० दिवसांचा असतो. अर्ज तिथला इम्पोर्टर करतो.

आणि शिपिंग बिल भरायच्या आधी स्कोमेट लिस्ट (एक्स्पोर्टवर नियंत्रण असलेल्या संवेदनशील मालाची भारताची यादी) बघा. तुमचं इंटरमिजिएट बहुतेक त्यात नसेल, पण फॉस्फरस असलेलं काही असेल तर नीट बघा, आणि स्टोअरमध्ये थायोनिल क्लोराइड, फॉस्फरस ट्रायक्लोराइड, ट्रायइथेनॉलअमाइन असतंच, उद्या कोणी म्हणालं की त्याच कंटेनरमध्ये दोन ड्रम हे पण पाठवा तर ते रासायनिक शस्त्रांच्या करारातले पदार्थ आहेत, हसत हसत चढवायचे नाहीत. अ‍ॅसेटिक अनहायड्राइड असेल तर ग्वाल्हेरच्या नार्कोटिक्स कमिशनरची एनओसी, तो वेगळाच विषय.

तुमच्या चायनाच्या मालाचा एसडीएस आला की सप्लायरचं नाव खोडून सेक्शन तीन, नऊ आणि चौदा इथे टाका, आणि तुमचं इंटरमिजिएट कोरडं आहे की सॉल्व्हंटमध्ये एवढं सांगा. त्यावरून पॅकिंगचं आणि इंटरमिजिएटवाल्या नोंदणीचं पुढचं नक्की सांगता येईल.